तीन पिना

या अंकात क्रांतीवर मजकूर भरपूर असणार. असू द्या. मी पिनांवर लिहिणार आहे. लोखंडाच्या तीन पिना. ट्रॅक्टरच्या मागं नांगर, फण, रोटर जे काय लटकवतात ते या तीन पिनांवर लटकतं. दोन खाली, एक वर. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. दहावीत शाळा सुटली. रात्रपाळीच्या सुट्टीत बिडीच्या पुठ्ठ्यावर कविता लिहितो. तुझा आणि ट्रॅक्टरचा काय संबंध, असं विचाराल. संबंध असा, की गावाकडच्या आमच्या वस्तीत पहिल्यांदाच एक ट्रॅक्टर आमच्या नावावर आला. आणि तो आल्यावर कळलं, आमच्या माणसांना ट्रॅक्टर फक्त मागून ठाऊक आहे.

मागून म्हणजे कसा, ते सांगतो.

ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामधे हात-दीड हात जागा असते. जोडणी करताना तिथं एक माणूस उभा राहतो. सीटवरचा ट्रॅक्टर मागं घेतो, लिफ्टची दांडी वरखाली करतो. मधला लिंक उचलतो, पायानं अवजार रेटतो, भोक जुळवतो, पिन ठोकतो. हंगामात कुठल्याही गावात जाऊन बघा, सीटवर कोण आणि मधे कोण. आडनाव विचारायची गरज पडत नाही.

माझा थोरला चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, सहा वर्षं असा मधे उभा होता. एका बागायतदाराकडं सालानं. सीटवर मालकाचा भाचा, कानात गाण्याच्या बोंड्या. लिंकचं भोक अवजाराच्या भोकासमोर आलं का, हे दादा बोट घालून बघायचा. सगळेच घालतात. अंधारात, घाईत डोळ्याआधी बोटाला कळतं. एकदा भाच्यानं दांडी सोडली. लिंक दोन इंच खाली आली. दोनच इंच. उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापासून गेली. दवाखान्याचा खर्च मालकानं दिला, आणि पुढच्या उचलीतून वळता करून घेतला. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बोटं जातात म्हणे ट्रॅक्टरवर. कुणाची जातात?

आता आमच्या ट्रॅक्टरचं. महाराष्ट्र सरकारच्या समाजकल्याण खात्यानं २०१२ साली योजना काढली. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर. गटात निदान दहा जण, त्यातले ८० टक्के आपले, अध्यक्ष आणि सचिव आपलेच पाहिजेत. साडेतीन लाखांची मर्यादा, त्यातले तीन लाख पंधरा हजार सरकारचे, पस्तीस हजार गटाचे. ट्रॅक्टर ९ ते १८ अश्वशक्तीचा, बरोबर ट्रॉली आणि फण नाहीतर रोटर. आमच्या आत्याच्या गटानं अर्ज टाकला. दहा बायका. कुणी खुरपायला जाणाऱ्या, कुणी ऊसतोडीच्या. पस्तीस हजार जमवायला त्यांना दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांवर एक वेगळा लेख होईल.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी हार, नारळ, पेढे, फोटो. विक्रेत्याच्या माणसानं रोटर गोठ्यापाशी उतरवला, इंग्रजी पुस्तिका आत्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "जोडून घ्या कुणाकडून तरी." निघून गेला.

ह्या 'कुणाकडून तरी' मधे अख्खं गाव आलं. ज्याला जोडता येतं तो बागायतदार, नाहीतर त्याचा ड्रायव्हर. दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला : बायकांना कशाला ताप, ट्रॅक्टर आमच्या शेडात राहू द्या, ड्रायव्हर आमचा, डिझेल आमचं, महिन्याला चार हजार घरबसल्या घ्या. कागद तुमच्याच नावावर राहील की! तुमच्यापैकी जे खेड्यात काम करतात त्यांना हा प्रकार सांगायला नको. कागदावर भीमनगर आणि चाकं दुसऱ्याच्या रानात. गटातल्या दोघी-तिघी तयार झाल्या होत्या. चार हजार म्हणजे थोडे नाहीत, हे मी गिरणीत बसून कुणाला शिकवणार? पण आत्या म्हणाली, "त्येच्या दारात गेला की आपुन पुन्यांदा मागंच हुबं. मागं हुबं ऱ्हायाला गट कशापायी काढला?"

१९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. आपण बाबासाहेबांचं दुसरं पुष्कळ वाचतो, हा निबंध कुणी काढत नाही. त्यात ते म्हणतात, शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या जमिनीच्या जोडीला औत, बैल, भांडवल किती आहे, यावर ठरतं. आत्याची वतनातली दोन एकर आहे. पण औत दुसऱ्याचं, बैल दुसऱ्याचे. दुसऱ्याची पेरणी उरकल्यावर, ओल उडाल्यावर आपला नंबर. मग दोन एकरांची अर्धा एकरच होते की.

मी चार दिवसांची रजा टाकून गावी गेलो. दादाच्या हातात सहा वर्षांची जोडणी होती. माझ्याकडं गिरणीची नजर होती, लेव्हल आणि सेंटर ह्यांची. पुस्तिका आम्ही मोबाईलवर शब्द बघत बघत वाचली. पहिल्याच संध्याकाळी दादानं एक नियम केला. कुठल्याच पुस्तकातला नाही, त्याच्या दोन बोटांतनं आलेला. मधे जो उभा राहील, चावी त्याच्या खिशात. सीटवरच्यानं ट्रॅक्टर मागं घ्यायचा, दांडी पूर्ण खाली करायची, इंजिन बंद करायचं, ब्रेक ओढायचा, खाली उतरायचं आणि चावी मधल्याच्या हातात द्यायची. मगच मधला आत शिरणार.

लोक म्हणतात, इंजिन बंद केल्यावर लिंक हलवायची कशी? हलते. ट्रॅक्टरची लिफ्ट एकाच दिशेला जोर लावते, वर. खाली लिंक आपल्याच वजनानं येते. म्हणून दांडी खाली असली की लिंक हातानं उचलता येते. अवजार थोडं सरकवायचं तर पहारीनं सरकतं. भोक जुळलं का ते बघायला पेचकस घालायचा. बोट नाही. एवढी साधी गोष्ट सहा वर्षांत कुणी दादाला सांगितली नाही, कारण सांगायची गरज सीटवरच्याला नव्हती.

जोडणीला क्रम आहे. आधी डावी लिंक, मग उजवी, शेवटी वरची टॉपलिंक. डावी आधी का? डाव्या बाजूची उंची बांधलेली असते. उजव्या बाजूच्या उभ्या दांडीला फिरवायचा हातोडा असतो, तिनं उजवी लिंक वरखाली करता येते. म्हणजे जी हलत नाही तिला आधी बसवायचं आणि जी हलते तिला तिच्याशी जुळवायचं. उलटं केलंत तर तासभर पहार मारत बसाल. टॉपलिंक आट्यांची, लांब-आखूड होते, म्हणून ती शेवटी. काढताना बरोब्बर उलट, टॉपलिंक पहिली.

पिना मापाच्या पाहिजेत. लहान ट्रॅक्टरची जोडणी बहुतेक पहिल्या मापाची असते : खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. मोठ्या ट्रॅक्टरची दुसऱ्या मापाची : खाली २८, वर २५. आता गावात काय करतात? मोठ्याच्या फणाला लहानाची पिन घालतात. भोकात पिन खुळखुळते. शंभर फेऱ्यांत भोक अंड्यासारखं होतं, आणि एक दिवस पिन तुटून अवजार एका बाजूनं लोंबतं. तिथं बुश घालायला पाहिजे. आणि प्रत्येक पिनेच्या शेवटी कडीवाली छोटी पिन. ती हरवते, मग खिळा वाकवून घालतात, नाहीतर तार. आत्यानं दहा कड्या एकदम आणून घेतल्या आणि डब्यात ठेवल्या. डब्याला कुलूप. हळदीच्या डब्यालाही घरात कुलूप नाही.

पिनांची ही जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची, शेतकऱ्याच्या घरातला माणूस. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता बांधून ओढत. फाळ दगडात अडकला की मागची चाकं जागच्या जागी आणि ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडं. ड्रायव्हर खाली, ट्रॅक्टर वर. माणसं मेली त्यात. फर्ग्युसननं १९२६ साली तीन बिंदूंचं पेटंट घेतलं. खालच्या दोन लिंका नांगर ओढतात. फाळ मातीत अडतो तसा नांगर पुढं कोलमडायला बघतो, आणि ती कोलमड टॉपलिंकमधनं ट्रॅक्टरला ढकलते, पुढची चाकं जमिनीवर दाबते. म्हणजे जी ताकद माणूस मारत होती तीच त्याला धरून ठेवायला लावली. १९३८ साली त्यानं हेन्री फोर्डशी तोंडी सौदा केला, हातात हात देऊन. फोर्डच्या नातवानं तो मोडला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. तोंडी सौदा मोडल्यावर पैसे मिळतात, हे आमच्या बापजाद्यांना कधी दिसलं नाही. असो.

खालचे दोघं ओढतात आणि वरचा ढकलतो, ह्यावर कविता करायचा मोह मला झाला. केली नाही. लोखंडाला जात नाही, त्याच्यावर आपली व्यवस्था कशाला लादा? पण एक आठवण सांगावीशी वाटते. बैलाच्या नांगराचं इसाड जुवाला नाड्यानं बांधायचे. नाडा कुठं आवळला त्यावर नांगर किती खोल जाणार हे ठरायचं. तो नाडा मांगवाड्यात वळलेला. वादी चांभाराच्या हातची. गावाच्या नांगराची जोडणी आपल्याच हातांनी झाली, शेकडो वर्षं. आणि आज म्हणतात, तुम्हाला जोडता येत नाही!

टॉपलिंकचं अजून आहे. आखूड केली की अवजाराचं तोंड खाली जातं, पुढचे फण खोल आणि मागचे वर तरंगतात. लांब केली की मागचे रुततात. सपाट जागेवर, दोन्ही चाकांत हवा सारखी करून, फण कामाच्या खोलीला उतरवून बघायचं, त्याचा सांगाडा जमिनीशी समांतर पाहिजे. एकेक आटा फिरवायचा, पन्नास पावलं चालवायचं, उतरून खड्डा उकरून खोली बघायची, पुन्हा एक आटा. रिंगफ्रेमची चाती सेंटरला आणताना आम्ही हेच करतो. सेंटर नसलं तर सूत तुटत राहतं, आणि फायनमन म्हणतो कामगार आळशी. रानात फण वाकडा चालला की म्हणतात, ह्यांना शेती कुठं येते.

आडवी लेव्हल उजव्या हातोड्यानं. दोन्ही लिंकांच्या टोकांची जमिनीपासनंची उंची टेपनं मोजा. मग चेकचेन : चाकाच्या आतल्या कडेपासून लिंकपर्यंतचं अंतर दोन्हीकडं सारखं करा. फणाला थोडी झोक ठेवायची, दोनेक इंच. रोटरला झोक नको, चेन ताठ. दांड्या दोन आहेत आमच्या ट्रॅक्टरला. एक अवजार जिथं ठेवलं त्याच उंचीवर धरते, ती रोटरला. दुसरी ओढ बघते, जमीन कडक लागली की आपोआप थोडं उचलते. ती नांगराला, फणाला. दादा सहा वर्षं मागं होता, पण ह्या दोन दांड्यांतला फरक त्याला माहीत नव्हता. सीटवर बसल्याशिवाय कळणार कसा? पहिल्यांदा सीटवर बसला तेव्हा तो बराच वेळ नुसत्या दांड्या वरखाली करत होता. आम्ही कुणी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या एकानं आपला नऊ फणांचा फण देऊ केला. फुकट. "लावा की, काय हुतंय." आमचा पाच फणांच्या ताकदीचा ट्रॅक्टर. नऊ फणांचं ओझं मागं उचललं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर फिरत नाही. चढावर तर नाकच उचलतं. पुढं वजनं लावून थोडं भागतं, पण नऊ फण ओढायला लागणारी ताकद वजनानं येत नाही. दादानं हात जोडून परत पाठवला. त्यावरनंही बोलणी झाली, बघा कसा माज आलाय. आम्ही जुन्या बाजारातनं पाच फणांचा फण घेतला, दोन वाकडे फण लोहाराकडनं सरळ केले.

आता रोटर. ह्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

रोटर नुसता पिनांवर लटकत नाही. त्याला ट्रॅक्टरच्या पोटातनं शाफ्टनं फिरवतात. पीटीओ म्हणतात. मिनिटाला ५४० फेरे. आमच्या रिंगफ्रेमची चाती मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे मारते, म्हणून मला आधी हे किरकोळ वाटलं. मग हिशोब केला. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टची नळी पाच सेंटिमीटर जाडीची धरली तरी एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड तिच्यावर गुंडाळलं जातं. पदर मोजून बघा तुमच्या आईचा. चाती कापूस ओढते. ही नळी माणूस ओढते.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात गिरणीसाठी दोन गोष्टी होत्या. फिरत्या भागाला कुंपण पाहिजे, हे कलम २१. चालू मशीनजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाला घट्ट पाहिजेत आणि ते मालकानं द्यायचे, हे कलम २२. पाळले जात होते का हा वेगळा प्रश्न, पण आम्ही युनियनच्या मिटिंगला कलमाचा नंबर घेऊन भांडू शकलो. रानात कुठला नंबर घेऊन भांडणार? तिथं कुंपण ज्वारीला असतं.

शाफ्ट जोडताना बघायचं ते असं. शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकतात. दोन्ही टोकांची कानं एका रेषेत पाहिजेत. एक दात चुकून बसला तर शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस तुटतो. सरकणारे भाग निदान एक तृतीयांश एकात एक पाहिजेत, पण रोटर वर उचलताना सगळ्यात आखूड होतो तिथं टेकायला नकोत, नाहीतर पीटीओचं बेअरिंग गेलं. लॉक टचकन बसला का ते शाफ्ट ओढून बघायचं. रोटर उचलताना पीटीओ बंद. आणि नळीवर प्लॅस्टिकचं गार्ड पाहिजे, दोन्ही टोकांना त्याची बारीक साखळी अडकवलेली, म्हणजे आत शाफ्ट फिरतो आणि बाहेर गार्ड स्थिर राहतं.

आमच्या शाफ्टवर गार्ड नव्हतं. पुस्तिकेतल्या चित्रात आहे, वस्तूवर नाही. फोन केला तर विक्रेता म्हणाला, कुणीच लावत नाही, लोक काढून टाकतात, अडचण होते. दादा म्हणाला, पोतं गुंडाळू. मी नको म्हणालो. पोतं शाफ्टबरोबर फिरतं, तेच कापड धरतं. गटाची बैठक भरली. दहा बायका, दहाही लुगडी-साड्या. आत्यानं माझा दीड मीटरचा हिशोब बैठकीत सांगितला, एकीनं पदर सोडून हातानं मोजला. दुसरी म्हणाली, तिच्या चुलत नणंदेची वेणी मळणीयंत्रात गेली होती. मग कुणी काही बोललं नाही. ठराव झाला : गार्ड येईपर्यंत रोटर चालवायचा नाही. सचिवानं मराठीत लिहिला, दोघींनी अंगठे दिले, आठजणींनी सह्या केल्या. ठरावाची प्रत विक्रेत्याला आणि समाजकल्याण कार्यालयाला रजिस्टरनं पाठवली.

ह्याचा तोटा होतोय. जून तोंडावर आहे. रोटरचं भाडं फणापेक्षा जास्त मिळतं, आणि रोटर मारून मागणारी माणसं आता निरोप पाठवतात, तुमचा पडूनच हाय तर आम्हाला द्या की. चार हजारवाल्यानं पाच हजार केलेत. गटातल्या ज्या दोघी पहिल्यापासून तयार होत्या त्या परवा पुन्हा बोलल्या. त्यांचंही चुकतं असं मला म्हणवत नाही. एकीच्या पोराची फी भरायची आहे.

तोवर फण चालू आहे. जोडणीला दोघी लागतात, आठवड्याच्या पाळ्या लावल्यात, गिरणीसारख्या. पहिल्या आठवड्यात आत्या मधे होती. चावी कमरेच्या पिशवीत, पानसुपारीबरोबर. दादा सीटवर, उजव्या हाताची तीन बोटं स्टिअरिंगवर. खाली उतरून चावी देताना त्याला अजून अवघडल्यासारखं होतं, सवय नाही. गार्डाचं मी सोलापूरच्या दोन दुकानांत विचारलं, माप घेऊन या म्हणाले. शाफ्टचं माप दादानं पाठवलंय. पगार सात तारखेला आहे.